पृथ्वी गोल आहे, मग आपण राहतो कुठे?

एका आईचं पत्र आलं आहे. नाव देत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत:

"माझी मुलगी तिसरीत आहे आणि मुलगा पहिलीत. आम्ही दोघंही नोकरी करतो. घरी आल्यावर स्वयंपाक उरकेपर्यंत तास-दीड तास मुलांच्या हातात टॅब असतो. नुसती कार्टून नकोत म्हणून मी शोधून शोधून शैक्षणिक व्हिडिओ लावते. मुलगी ग्रहांची नावं घडाघडा म्हणते, ज्वालामुखी, डायनासोर, सगळं तिला येतं. पण परवा सहज विचारलं, रात्र का होते गं? तर म्हणाली, सूर्य डोंगरामागे जातो. हाच विषय तिने किमान चार वेळा पाहिला आहे! मुलगा रोज एकच गोष्ट लावायला सांगतो, दुसरी लावली की रडतो. खोटं बोलू नये यावरच्या बोधकथा त्याला पाठ आहेत आणि अभ्यास झाला का विचारलं की खुशाल 'हो' सांगतो, वही कोरी असते. सासूबाई म्हणतात, हे सगळं बंद कर, गोष्ट तोंडाने सांगायची असते. नवरा म्हणतो, काळ बदललाय. मला काहीच सुचत नाही. व्हिडिओ चालू ठेवू की बंद करू? किती वेळ दाखवू, कोणते निवडू? आणि बंद केले तर तो तास काढायचा कसा?"

ताई,

मी अनेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. 'सूर्य डोंगरामागे जातो' हे उत्तर मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की तुमचं पत्र वाचताना तो वर्ग डोळ्यासमोर आला. आधी एवढं सांगते की तुमच्या मुलीचं काही बिघडलेलं नाही. ती विचार करते आहे. रोज संध्याकाळी तिला जे दिसतं त्यावरून तिने उत्तर काढलं आहे. व्हिडिओ चार वेळा पाहूनही ते उत्तर जागचं हललं नाही, याचं कारण मात्र समजून घ्यायला हवं.

१९९२ साली स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या दोघा संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांशी पृथ्वीबद्दल गप्पा मारल्या. पृथ्वीचा आकार कसा, असं विचारलं की मुलं 'गोल' म्हणायची. मग त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. तू कित्येक दिवस सरळ चालत राहिलास तर कुठे पोचशील? पृथ्वीला कडा आहे का? कडेवरून खाली पडता येईल का? तेव्हा कळलं की एकेका मुलाच्या मनातली पृथ्वी वेगळीच आहे. कुणाची ताटलीसारखी गोल आणि सपाट. कुणाची चेंडूसारखी, पण आतून पोकळ, आणि माणसं त्या पोकळीत सपाट जमिनीवर राहतात, वर आकाशाचं झाकण. काहींच्या मनात तर दोन पृथ्वी होत्या, एक आकाशात फिरणारी गोल आणि दुसरी आपल्या पायाखालची सपाट. खऱ्याखुऱ्या गोलावर राहणारी मुलं निम्म्याहूनही कमी निघाली.

मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण यात मुलांची हुशारी दिसते. मोठी माणसं सांगतात पृथ्वी गोल, डोळ्यांना दिसते सपाट. मूल दोन्हींचा मान राखतं आणि दोन्ही बसतील असं चित्र स्वतःच तयार करतं. तुमच्या मुलीने व्हिडिओतली फिरणारी निळी पृथ्वी अशीच कुठेतरी वर आकाशात ठेवून दिली असणार. ती स्वतः राहते त्या जमिनीशी तिने त्या गोळ्याची सांगड अजून घातलेली नाही. पाचव्यांदा व्हिडिओ लावला तरी ती वरची पृथ्वी अजून सुंदर फिरेल, खालचा डोंगर तिथेच राहील.

डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी (२००८) नेमका हाच प्रश्न हाताळला होता, तोही मोठ्या विद्यार्थ्यांसोबत. भौतिकशास्त्राच्या एखाद्या संकल्पनेचा सोपा, सुटसुटीत व्हिडिओ दाखवला की विद्यार्थी म्हणायचे, छान समजलं. पण नंतरच्या चाचणीत फारसा फरक दिसायचा नाही. आपल्या जुन्या समजुतीच व्हिडिओत सांगितल्या आहेत, असं वाटून ते निर्धास्त व्हायचे. दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत आधी लोकांची चुकीची समजूत बोलून दाखवली जायची आणि मग ती का चुकते त्यावर चर्चा व्हायची. हे व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारे वाटले, पण शिकले ते यांतूनच. विद्यापीठातल्या मुलांचं असं होत असेल तर आठ वर्षांच्या मुलीला आपण काय बोल लावायचा?

म्हणून व्हिडिओ निवडताना मी सगळ्यात आधी हे पाहते की त्यात मुलाचं मत कुणी विचारतं का. 'तुला काय वाटतं?' असं म्हणून दोन-चार सेकंद शांत राहणारा व्हिडिओ मला झगमगाटापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. बहुतेक व्हिडिओ प्रश्न विचारतात आणि उत्तरही त्याच श्वासात देऊन टाकतात. तसा व्हिडिओ असेल तर थांबवण्याचं काम तुम्ही करा. उत्तर यायच्या आत बोट ठेवा, आणि 'आता काय होईल गं?' असं विचारा. अंदाज चुकला तरी चालेल, एकदा अंदाज बांधला की ती पुढचं कान देऊन ऐकेल.

रात्रीच्या प्रश्नाचं काय करायचं तेही सांगते. खोलीतले दिवे बंद करा. एक टॉर्च टेबलावर ठेवा, तो सूर्य. एक चेंडू घ्या आणि त्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. तो तुकडा म्हणजे तुमची मुलगी. चेंडू तिच्याच हातात द्या आणि सांगा, आता तुझ्यावर रात्र आण. ती आधी काय करेल ते बघा. बरीच मुलं टॉर्च हलवतात, कारण त्यांच्या मते सूर्यच जातो. टॉर्च हलवायचा नाही असं सांगितलं की थोडी घुटमळतात, चेंडू वरखाली करतात, आणि मग कधीतरी तो हातात फिरतो. चिकटपट्टी हळूहळू अंधारात जाते. माझ्या वर्गात या क्षणी एक मुलगी पुटपुटली होती, "म्हणजे मी पाठ फिरवली." मी फळ्यावर काढलेल्या कुठल्याही आकृतीपेक्षा ते वाक्य चांगलं होतं. त्यानंतर तोच व्हिडिओ पुन्हा लावा. या वेळी ती वेगळ्याच गोष्टी बघेल, आणि कदाचित तुम्हाला त्यातली चूकही दाखवेल. अनेक व्हिडिओंत सूर्य पृथ्वीच्या जेमतेम दुप्पट-तिप्पट काढलेला असतो, खरा सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे १०९ पट रुंद आहे. चंद्र अगदी शेजारी दाखवतात, पण मधल्या अंतरात साधारण ३० पृथ्व्या एकापुढे एक मांडता येतील. पडद्यावर एवढी जागा नसते म्हणून असं काढावं लागतं, हे मुलांना सांगितलं की त्यांना ते लगेच पटतं.

वेळेच्या बाबतीतही पडदा असाच फसवतो. एकदा मी वर्गाला बी रुजण्याचा व्हिडिओ दाखवला. कित्येक दिवसांचं चित्रण काही सेकंदांत, सरसर मूळ खाली आणि कोंब वर. मुलं खूश. मग प्रत्येकाने ओल्या कापसात एक बी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा डोळ्यांत पाणी आणून उभा होता, त्याचं बी 'बिघडलं' होतं, कारण काहीच झालं नव्हतं. चूक माझी होती. व्हिडिओत वेळ आवळलेला आहे हे मी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षीपासून मी क्रम उलटा केला. आधी बी ठेवायचं, रोज वहीत चित्र काढायचं, कंटाळा येईपर्यंत वाट बघायची, आणि कोंब आल्यावर व्हिडिओ लावायचा. त्या वर्षी मुलं पडद्याकडे बोट दाखवून ओरडत होती, "हे माझ्या मंगळवारचं!"

आता निवडीबद्दल थोडं. रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र आले की माणूस कसा शिकतो यावर कित्येक वर्षं काम केलं आहे. त्यातला सारखा दिसणारा निष्कर्ष असा, की विषयाशी संबंध नसलेली सजावट, मग ती कितीही गंमतीची असो, शिकणं कमी करते, आणि लांब धडा लहान तुकड्यांत तोडून दिला तर समजतं जास्त. तेव्हा बेरजेच्या व्हिडिओत मागे सतत संगीत वाजत असेल, कोपऱ्यात माकड उड्या मारत असेल, दर सेकंदाला चित्र बदलत असेल, तर सोडून द्या. मूल त्याकडे टक लावून बघतं, पण बघतं ते माकडाला. तीन-चार मिनिटांचा, एकच गोष्ट सांगणारा व्हिडिओ शोधा. लावायच्या आधी स्वतः पूर्ण बघा. हल्ली यंत्राकडून घाऊक बनवून घेतलेले व्हिडिओही मुलांसमोर येतात. उच्चार विचित्र, चित्रातल्या कोळ्याला सहा पाय, माहिती अर्धवट. बनवणारा कोण हे कुठेच लिहिलेलं नसेल तर मी तो मुलांना दाखवत नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करा. मुलीसाठी त्याच भाषेतली सबटायटल चालू ठेवा, तिसरीतल्या मुलीच्या वाचनाला त्याचा आधार होतो.

मुलगा एकच गोष्ट रोज मागतो, त्याची मुळीच काळजी करू नका. अमेरिकेत १९९६ साली 'ब्लूज क्लूज' हा छोट्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस दाखवायचा असं ठरवलं. त्यावर झालेल्या अभ्यासात दिसलं की पाचव्या वेळीही तीन ते पाच वर्षांची मुलं कंटाळत नव्हती, त्यांना भाग जास्त समजत होता आणि पडद्याकडे बघून उत्तरं देणं तर वाढलंच होतं. पहिल्या वेळी मूल नुसतं 'पुढे काय' एवढंच धरू शकतं. पुढचं माहीत झालं की त्याचं लक्ष मोकळं होतं, मग 'असं का केलं त्याने' हा प्रश्न सुचतो. पहिलीतला मुलगाही या वयापासून फार लांब नाही. मात्र दहाव्या वेळी आवाज बंद करून त्याला म्हणा, आज गोष्ट तू सांग. चित्रं हलतील, बोलायचं त्याने. अडखळला तर अडखळू दे.

सासूबाईंचं म्हणणं मला निम्मं पटतं, आणि ते निम्मं फार महत्त्वाचं आहे. एका वर्षी दोन तुकड्यांना मी एकाच राक्षसाची गोष्ट दिली. एका तुकडीला तोंडी सांगितली, दुसरीला त्याच गोष्टीचा व्हिडिओ दाखवला. मग दोघांनाही राक्षस काढायला सांगितला. व्हिडिओ पाहिलेल्यांचे सगळे राक्षस हिरवे, दोन शिंगांचे, पडद्यावर होता तसे. ऐकलेल्यांपैकी एकाच्या राक्षसाला चष्मा होता, एकाचा ढगाएवढा होता म्हणून कागदावर फक्त त्याचा अंगठाच मावला होता, आणि एका मुलीने राक्षसाच्या पोटात घर काढलं होतं. तो अंगठा काढणारा मुलगा एरवी चित्रकलेत मागे मागे राहायचा. त्या दिवसापासून गोष्ट आधी ऐकवायची, चित्र काढून घ्यायचं आणि व्हिडिओ असलाच तर शेवटी, हा माझा नियम झाला. दाखवायला हरकत नाही, फक्त मुलाच्या राक्षसाला आधी जागा मिळू द्या.

गोष्ट सांगतानाही मूल नुसतं ऐकत बसायला नको. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिलं होतं की पुस्तक वाचताना मोठ्यांनी थांबून मोकळे प्रश्न विचारले, मुलाच्या उत्तरात थोडी भर घातली, आणि हळूहळू सांगणारा मुलालाच होऊ दिलं, तर लहान मुलांची भाषा झपाट्याने वाढते. सासूबाईंना हे सांगायची गरज नसेल, त्या करतच असतील. 'मग काय झालं असेल?' हे चार शब्द त्यांच्याकडे आधीपासून असणार.

आता बोधकथा आणि कोरी वही. हा भाग लिहिताना मी जरा जपून लिहिते आहे, कारण बोधकथांवर आपलं सगळ्यांचं प्रेम असतं, माझंही आहे. कांग ली, व्हिक्टोरिया तालवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाने पाठमोरं बसून नुसत्या आवाजावरून खेळणं ओळखायचं. मध्येच मोठं माणूस बाहेर जातं, सांगून जातं की वळून बघायचं नाही. बरीच मुलं बघतातच. मग परत येऊन त्यांना एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, तू बघितलंस का? खोटं बोलल्यावर नाक लांब होतं किंवा लांडगा येतो, अशा गोष्टी ऐकलेली मुलं, खोटेपणाशी काही संबंध नसलेली गोष्ट ऐकलेल्या मुलांइतकीच खोटं बोलली. फरक पडला तो लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने वडिलांचं चेरीचं झाड तोडल्याच्या गोष्टीने. त्यात मुलगा कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात. तिचा शेवट संशोधकांनी बदलून वाईट केला, तर तो फरकही नाहीसा झाला.

तुमच्या मुलाच्या पाठ असलेल्या कथांमध्ये खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होते, हो ना? त्याला त्यातून एवढंच कळलं की सापडणं वाईट. म्हणून तो न सापडण्याचा प्रयत्न करतो. त्याला अशी गोष्ट सांगा ज्यात खरं बोलणारा हलका होतो, आणि मग घरीही ती गोष्ट खरी ठरवा. आज संध्याकाळी 'अभ्यास झाला का?' असं विचारूच नका, त्या प्रश्नाला 'हो' हे फार सोपं उत्तर आहे. 'वही कुठपर्यंत आली, दाखव' म्हणा. कोरी असेल आणि तो तसं म्हणाला, तर आधी खरं सांगितल्याबद्दल पाठीवरून हात फिरवा, वहीचं नंतर. आणि गोष्ट संपल्यावर 'यातून काय शिकलास?' हे विचारणं थांबवा. मुलं या प्रश्नाला आपल्याला हवं तेच उत्तर देतात आणि गोष्ट तिथेच मिटते.

किती वेळ, हे थोडक्यात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सांगितली होती, सहा वर्षांपुढे ठरावीक आकडा दिला नाही, प्रत्येक घराने आपली मर्यादा ठरवून ती सातत्याने पाळावी असं म्हटलं. तुमच्या दोघांना मी अर्धा तास म्हणेन, रोज त्याच वेळी, आणि झोपायच्या आधीचा तास पूर्ण मोकळा. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते आणि दिवसातून तासभर अंगमेहनतीचा खेळ. हे दोन्ही नीट होत असेल तर अर्ध्या तासाचे चाळीस मिनिटं झाले म्हणून जिवाला लावून घेऊ नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तो तास काढायचा कसा. थकून घरी आलेल्या आईला 'मुलांशेजारी बसून व्हिडिओ बघा' असं सांगणं मला जमणार नाही. तेव्हा असं करून बघा. पहिला अर्धा तास व्हिडिओ, तुम्ही आदल्या दिवशी निवडून डाउनलोड केलेले दोन किंवा तीन, इंटरनेट बंद. दुसरा अर्धा तास फक्त आवाज. सासूबाईंच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यांना वेळ असेल तेव्हा, त्यांच्या खोकल्यासकट. मुलांपुढे कागद आणि रंग ठेवा आणि ती रेकॉर्डिंग लावा. त्यात मध्ये कुठेतरी थांबून 'आता तुम्ही काढा बरं' असं म्हणायला सासूबाईंना सांगा. तुम्ही तुमचं काम करत राहा. जेवताना मुलीकडून फक्त एक गोष्ट ऐका: आज बघितलेल्यातलं काय तिला खरं वाटलं नाही. दोन-तीन दिवस ती गप्प बसेल. मग सुरू होईल.

आणि चेंडूवर रात्र आणून झाली की तिला तो सरळ चालत जाण्याचा प्रश्नही विचारा. ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा, मी वाट बघते आहे.